जुनं स्विंग, जॅझ आणि ब्लूग्रास समोर बसून कसं ऐकावं: पहिल्या मैफलीसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे उन्हाळ्यात येऊन राहिलेल्या मराठी मंडळींना मी नेहमी आग्रह करते, की नायगारा बघालच, पण एक संध्याकाळ जुन्या स्विंग, जॅझ आणि ब्लूग्राससाठी (ब्लूग्रास म्हणजे गावाकडचं, तारवाद्यांवरचं अमेरिकी संगीत) राखून ठेवा. यातल्या कित्येकांचं आयुष्य गाणं ऐकण्यात गेलेलं असतं, कान तयार असतो. तरीही पहिल्या मैफलीत पंधरा-वीस मिनिटांनी ‘सगळं एकसारखंच वाटतंय’ अशी चुळबुळ सुरू होते. कारण सवयीने आपलं सगळं लक्ष पुढे उभ्या असलेल्या गायकावर किंवा वादकावर असतं. या संगीतात कान आधी साथीवर लावायचा. बेस (खर्जातलं मोठं, उभं तारवाद्य), ठेक्याची गिटार आणि मेंडोलिन यांचं काय चाललंय ते कळलं, की वरची धावपळ आपोआप उलगडत जाते. खालची प्रत्येक सूचना शेवटी त्यासाठीच आहे.

तिन्ही संगीतं एका मंचावर का येतात

जॅझ न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडलं. त्यातूनच 1930 च्या दशकात मोठ्या वाद्यवृंदांचं, नाचासाठीचं स्विंग आलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला सॅव्हॉय बॉलरूम 1926 ते 1958 या काळात त्याचं माहेरघर होता. ब्लूग्रास यांच्यापेक्षा वयाने लहान. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडवरूनच या संगीताला नाव मिळालं आणि डिसेंबर 1945 मध्ये तीन बोटांनी बँजो वाजवणारा अर्ल स्क्रग्ज त्या बँडमध्ये आल्यावर त्याला आजचं रूप आलं.

पुस्तकांत हे कप्पे वेगळे दिसतात, पण वाजवणारे एकमेकांचं ऐकतच मोठे झाले. मन्रोंनी लहानपणी आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडल (गावाकडच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) वादकाची साथ केली होती आणि त्याचं ऋण ते आयुष्यभर सांगत राहिले. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात बॉब विल्स यांनी गावाकडची फिडल आणि जॅझचा ठेका एकत्र करून ‘वेस्टर्न स्विंग’ लोकप्रिय केलं. डॉक वॉटसन हे अंध गिटारवादक 1950 च्या दशकात एका नाचाच्या बँडमध्ये होते. तिथे फिडल वाजवणारा कुणी नव्हता आणि नाचणाऱ्यांना फिडलच्या चाली हव्या असायच्या. म्हणून त्यांनी त्या गिटारवर बसवल्या. आज ब्लूग्रासमधली गिटार ज्या वेगाने धावते, तिचं बरंचसं मूळ या अडचणीत आहे. पॅरिसमध्ये 1934 साली गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी ड्रमशिवाय, फक्त तारवाद्यांवर जॅझ वाजवणारा पाच जणांचा संच उभा केला. पुढे 1970 च्या दशकात डेव्हिड ग्रिसमन यांनी मेंडोलिनवर जँगोचं स्विंग आणि मन्रोंचं ब्लूग्रास एकत्र गुंफलं. त्यामुळे आज छोट्या सभागृहात चार-पाच जण तारवाद्यं घेऊन उभे राहतात तेव्हा ही तिन्ही संगीतं एकाच रात्री ऐकायला मिळणं अगदी स्वाभाविक आहे.

जागा निवडताना

बँड कोणता आहे यापेक्षा जागा कशी आहे हे आधी बघा. पहिल्या खेपेला मोठं स्टेडियम किंवा उघड्यावरचा महोत्सव टाळा. तिथे तुम्हाला ऐकू येतो तो ध्वनिक्षेपक. साठ ते दोनशे माणसं मावतील अशी, वाद्याचा मूळ आवाज कानापर्यंत येईल अशी जागा उत्तम.

नॅशव्हिलला जाणार असाल तर ‘स्टेशन इन’. 1974 साली ब्लूग्रास वादकांनीच सुरू केलेली ही जागा बाहेरून अगदी साधी, बैठी आहे. आसनक्रमांक नसतात, आधी येईल त्याला पुढची खुर्ची. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमधला ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ 1961 पासून पारंपरिक जॅझ जपतो आहे. तिथे मद्य मिळत नाही, लहान मुलांना नेता येतं आणि कार्यक्रम तासाभराच्या आतच संपतो. म्हणून आई-वडील आणि नातवंडं अशा तीन पिढ्यांना घेऊन जायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. न्यूयॉर्कचं ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ 1935 सालचं, तळघरातलं. तिथे सोमवारी मोठा वाद्यवृंद वाजवतो आणि ही प्रथा 1966 पासून चालत आली आहे. जिने उतरावे लागतात, गुडघे दुखत असतील तर हे लक्षात असू द्या.

या गावांपासून लांब राहत असाल तरी अडत नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा फलक बघा, राज्याच्या ब्लूग्रास संस्थेचं वेळापत्रक बघा. बऱ्याच शहरांत ‘हाऊस कॉन्सर्ट’ होतात, म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात तीस-चाळीस खुर्च्या मांडून झालेली मैफल. तिकीट नसतं, देणगी सुचवलेली असते, बहुधा 20 ते 30 डॉलर, आणि ती सगळी वादकांना जाते. आपल्याला घरगुती बैठकींची सवय असल्याने इथे अवघडल्यासारखं होत नाही. यजमानांना आधी कळवून जा, खाण्याचं काही न्यायचं आहे का ते विचारा. एप्रिलच्या अखेरीसही लक्ष ठेवा. 30 एप्रिल हा युनेस्कोने जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन आहे आणि त्याच्या आगेमागे अनेक ठिकाणी मोफत कार्यक्रम असतात.

जाहिरातीत ‘डान्स’ लिहिलेलं असेल तर बहुधा कार्यक्रमाआधी अर्धा-पाऊण तास नवख्यांसाठी शिकवणी असते. जरूर जा. स्विंग हे पायांसाठीच रचलेलं संगीत आहे आणि एकदा पाय हलले की ठेका समजावून सांगावा लागत नाही. जोडीदार नसला तरी चालतं, तिथे जोड्या सतत बदलतात.

आदल्या आठवड्यात

रोज वीस मिनिटं पुरेत. तीन गोष्टी ऐका: काउंट बेसींच्या वाद्यवृंदाची 1937 नंतरची ध्वनिमुद्रणं, जँगो आणि ग्रापेलींची 1930 च्या दशकातली, आणि मन्रोंच्या बँडची 1946-47 मधली. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस जवळजवळ नाहीसा होतो आणि आपलं सगळं काम तर बेसशीच आहे. साधे हेडफोनही चालतील.

हे संगीत आपल्या कानांना वाटतं तितकं परकंही नाही. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय जॅझ वादक वाजवत होते आणि त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे आपलंसं केलं. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवायचे. पुढे ते सी. रामचंद्र यांचे सहकारी झाले. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर. भगवानदादांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’तली नाचाची गाणी घरातल्या ज्येष्ठांना पाठ असतील. ती पुन्हा लावा आणि शब्द सोडून मागचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ठेका ऐका. आई-बाबांना या मैफलीची ओळख करून द्यायला मी नेहमी इथूनच सुरुवात करते.

निघताना आणि पोचल्यावर

छायाचित्र असलेलं ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवा. केस पांढरे असले तरी दारावर ओळखपत्र मागतात, आणि काही बारमध्ये 21 वर्षांखालच्यांना प्रवेशच नसतो, तेव्हा मुलांना नेण्याआधी फोन करून विचारा. शाकाहारी असाल तर घरून जेवून निघा, कारण अशा ठिकाणी खायला फार थोडं असतं. पाच आणि एक डॉलरच्या नोटा खिशात असू द्या. आत एसी कडक असतो, शाल किंवा स्वेटर घ्या.

अर्धा तास आधी पोचा. मधली पहिली रांग सगळ्यांना हवी असते, पण मी म्हणेन दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, डबल बेसच्या बाजूची खुर्ची धरा. तिथून बेस पोटात जाणवतो आणि ठेका धरणाऱ्या गिटारवाल्याचा उजवा हात दिसतो. बँडमध्ये ड्रम आणि ट्रम्पेट असतील आणि खोली लहान असेल तर भिंतीलगत बसा, ज्येष्ठांसाठी कानात घालायचे बोळे ठेवा.

पहिली दोन गाणी फक्त मोजा

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. पहिल्या गाण्यात चाल, शब्द, वादकाची तयारी, सगळं बाजूला ठेवा आणि बेस ऐका. चार मात्रांचा एक खंड धरा. बेस चारही मात्रांवर एकेक स्वर टाकत चालला असेल तर तुम्ही स्विंग ऐकताय. फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडत असेल तर ते ब्लूग्रास, किंवा न्यू ऑर्लिन्सचं जुनं जॅझ. एवढ्या एका खुणेवरून बँड कुठून कुठे गेला हे रात्रभर ओळखता येतं.

मग खंड मोजा, खंडाच्या पहिल्या मात्रेवर खंडाचा आकडा म्हणत: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं आठपर्यंत. आठ खंडांची एक ओळ झाली. जुन्या स्विंगच्या बहुतेक गाण्यांत अशा चार ओळी असतात. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग वेगळ्या वळणाची तिसरी, आणि चौथीला परत पहिली. एकूण 32 खंड. मिनिटाला 160 मात्रांची लय असेल तर हे एक आवर्तन 48 सेकंदांत पुरं होतं. ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लोकांचा जुना गानप्रकार) असेल तर आवर्तन बहुधा 12 खंडांचं असतं. फिडलच्या चालींमध्ये दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा.

आता मुद्दा असा, की गाणं एकदा म्हणून झालं तरी हे आवर्तन थांबत नाही. क्लॅरिनेटवाला कितीही दूर भरकटल्यासारखा वाटला तरी खाली तेच 32 खंड, त्याच स्वरसंगती (कॉर्ड), त्याच क्रमाने फिरत असतात आणि तो त्यांच्याच अंगाने नवी चाल रचत असतो. तिसरी ओळ आली की बँडचा रंग किंचित बदलतो. तो बदल ओळखता आला, की आपण कुठे आहोत ते पुन्हा सापडतं. मोजणी चुकली तर खजील होऊ नका, तिसऱ्या ओळीची वाट बघा आणि तिथून पुन्हा धरा. विलंबित ख्यालात समेची वाट बघणाऱ्याला हा आनंद काय असतो ते सांगायला नको.

दुसऱ्या गाण्यात मात्रेच्या पोटात काय होतंय ते ऐका. स्विंगमध्ये मात्रेचे दोन सारखे तुकडे पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड. तीन भागांतले दोन पहिल्याला आणि एक दुसऱ्याला, असं साधारण. लय वाढली की हा फरक कमी होत जातो. ब्लूग्रासच्या बँजोवर याउलट सगळे स्वर जवळजवळ सारख्या अंतराने, ओघळत येतात. हा फरक कानाला लागला की ‘सगळं एकसारखं’ वाटणं कायमचं संपतं.

आता मेंडोलिनवाल्याचा हात बघा

पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. त्याचं काम मेंडोलिन करतं. जवळून बघा: डाव्या हाताची बोटं तारांवर दाबलेली, उजवा हात एक छोटा, कोरडा फटका मारतो आणि त्याच क्षणी डाव्या बोटांची पकड सैल होते. तारा वाजतात न वाजतात तोच मुक्या होतात. येतो तो ‘च्यक्’ असा आवाज, बेसच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध. याला ‘चॉप’ म्हणतात. बेसचा ‘धुम्’ आणि मेंडोलिनचा ‘च्यक्’, या दोन खिळ्यांवर सगळा बँड टांगलेला असतो.

खरी मौज पुढे आहे. मेंडोलिनवाला स्वतः सोलो वाजवायला लागला की चॉप कोण करणार? डोळे मिटू नका, बघा. कधी फिडलवाला गजाच्या मुठीकडच्या भागाने तारांवर तसाच फटका द्यायला लागतो, कधी बँजोवाला. कुणी कुणाला सांगत नाही, तरी रिकामी झालेली जागा क्षणात भरली जाते. चांगल्या आणि बेताच्या बँडमधला फरक मला सोलोपेक्षा या अदलाबदलीत जास्त कळतो.

स्विंगमध्ये हेच काम ठेक्याची गिटार करते. काउंट बेसींच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हे गिटारवादक 1937 पासून 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत होते. आयुष्यभर त्यांनी जवळजवळ एकही सोलो वाजवला नाही. पंधरा-सोळा जणांच्या त्या बँडमध्ये ध्वनिवर्धक न जोडलेली त्यांची गिटार पाठीमागे बसून प्रत्येक मात्रा धरून ठेवायची. अशा माणसाला ऐकायला शिकणं ही माझ्या मते या संगीतातली सगळ्यात मोठी कमाई आहे. म्हणून तुमच्या मैफलीत पुढे न येणारा तो गिटारवाला शोधा आणि एक अख्खं गाणं त्यालाच द्या.

बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या बाजूला, मधेच. अंगठ्याने ती एकाच उंच स्वरावर सतत छेडली जाते, सतारीच्या चिकारीसारखी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून बँजो आला, हेही मनात असू द्या. डोब्रो (धातूची तबकडी बसवलेली गिटार) असेल तर ती आडवी धरून, लोखंडी पट्टी सरकवत वाजवतात. तिची मींड आपल्या माणसांना लगेच आवडते.

एका माइकभोवती

काही बँड अजूनही सगळ्यांत मिळून एकच माइक ठेवतात. गाणारा पुढे येतो, ओळ संपता संपता खांदा वळवून बाजूला होतो, त्याच फटीतून फिडलवाला आत सरकतो, बेसवाला मागेच राहतो. आवाज कमी-जास्त करायचं काम ते स्वतःच्या पायांनी करत असतात. तीन आवाजांत गाताना डोकी जवळजवळ टेकतात. असा बँड मिळाला तर पुढच्या रांगेत बसायला माझी हरकत नाही.

वादकांच्या खुणाही टिपा. डोक्यावर हात ठेवला म्हणजे मूळ चालीवर परत या. वर केलेली मूठ म्हणजे शेवट जवळ आला. ब्लूग्रास वाजवणारे शेवटच्या आवर्तनात एक पाय उचलून दाखवतात. चार बोटं दाखवली म्हणजे आता सोलो वाजवणारा आणि ड्रमवाला चार-चार खंडांचे सवाल-जवाब करणार. हे सुरू झालं की मोजायला विसरू नका, ड्रमवाला एकट्याने वाजवत असताना आवर्तन मनात चालू ठेवणं फार आनंदाचं असतं.

दाद कशी द्यायची

इथे सोलो संपला की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवतात. ही दाद वादकाला हवी असते, संकोच करू नका. फक्त पुढच्याची सुरुवात बुडणार नाही इतकीच. ‘वाह’ तोंडातून गेलं तरी कुणाला खटकत नाही. ठेक्याला टाळ्या वाजवायच्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भजनाच्या सवयीने आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो आणि तेवढ्याने बँडचा तोल बिघडू शकतो. जमत नसेल तर टाच जमिनीवर ठेवून चवडा हलवा. बेसच्या सोलोत बोलणं सगळ्यांत नडतं, कारण त्याचा आवाज बारीक असतो आणि नेमक्या त्याच वेळी लोक गप्पांना सुरुवात करतात. तुम्ही करू नका. चित्रीकरणही शक्यतो टाळा, प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये तर कार्यक्रम चालू असताना मनाईच असते.

मध्यंतर, आणि नंतर

वादक मध्यंतरात समोरच येऊन उभे राहतात. जाऊन बोला. ‘छान वाजवलंत’ यापेक्षा ‘मेंडोलिनच्या सोलोत तुम्ही चॉप उचललात ते आवडलं’ असं म्हणा, चेहरा कसा खुलतो बघा. टिप ठेवायची बरणी किंवा बादली असेल तर माणशी पाच-दहा डॉलर टाका. बऱ्याच बारमध्ये वादकांची कमाई मुख्यतः तीच असते. सीडी आवडली तर तिथेच घ्या. स्ट्रीमिंगवर ऐकल्याने त्यांच्या हातात फार थोडं पडतं.

घरात कुणी व्हायोलिन शिकत असेल तर मेंडोलिन हातात द्यायला हरकत नाही, पाश्चात्त्य व्हायोलिन आणि मेंडोलिन यांच्या तारा त्याच चार स्वरांत लावतात, फक्त मेंडोलिनवर त्या जोडीने असतात. असे वादक ‘स्लो जॅम’ला जाऊ शकतात, म्हणजे संथ लयीत, नवख्यांसाठी भरणारी गोल बैठक. स्टेशन इनमध्येही रविवारी रात्री मोफत जॅम असतो, पण तिथे हात चांगले चालणारे येतात, तेव्हा आधी दोन-चार वेळा बाहेरच्या गोलात बसून ऐका. नियम थोडे आहेत. वाद्य बाजूला जाऊन लावून या. गाणं सुचवणाऱ्याने पट्टी सांगायची. दुसरा वाजवत असताना आपला आवाज खाली. तुमची पाळी आली आणि तयारी नसेल तर नुसती मान हलवा, पुढचा घेतो, कुणाला राग येत नाही. तबला किंवा इतर तालवाद्य विचारल्याशिवाय नेऊ नका, कारण चॉपची जागा आधीच भरलेली असते. पहिल्या दिवशी सोलोच्या भानगडीत न पडता एका कोपऱ्यात बसून तीन स्वरसंगती आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा फटका एवढंच धरा. तो नेमका पडायला लागला, की पुढच्या आठवड्यात लोक स्वतःहून खुर्ची सरकवून तुम्हाला गोलात घेतात.